बोडीच्या पाळीवर जमादारीन

आमच्या वार्डात कोणी माइक हातात घेऊन ‘आपल्या मुलींच्या सुरक्षेसाठी’ अशी सुरुवात केली की माझं डोकं सणकतं. याच शब्दांच्या आडून आमची चालती वाट विटा रचून बंद करण्यात आली होती. टाळ्या वाजवणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोक होते. विरोधात उभी राहिली ती एकटी बाई, आणि ती पोलिसातली होती. कुमरे बाई. हवालदाराला आमच्याकडे जमादार म्हणतात, म्हणून गावात त्यांना सगळे जमादारीन म्हणत.

आमचं गाव चंद्रपूरहून वडशाकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवरचं. स्टेशनापलीकडे बोडी आहे, म्हणजे धानाला पाणी पुरवणारं लहान तळं. तिच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, एक पायवाट जाते. एका बाजूला पाणी आणि बेशरमाची झुडपं, दुसऱ्या बाजूला राइस मिलची मागची भिंत. आमच्या वार्डातून शाळा, कॉलेज, दवाखाना, बाजार, मिल, कुठंही जायचं तर हीच वाट. नगर परिषदेनं सिमेंटचे गट्टू बसवले, सौर दिवे लावले, फीत कापली. मोठ्या रस्त्यानं जायचं म्हणजे भला मोठा वळसा, आणि तिथं रेतीचे टिप्पर माणूस बघत नाहीत.

माझं शिवणकामाचं दुकान या वाटेच्या तोंडाशी. मशीन खिडकीला लागून आहे, त्यामुळे येणारंजाणारं प्रत्येक माणूस मला दिसतं. वाट चांगली झाली तशी टवाळांचीही सोय झाली. गट्टूंवर बसून पत्ते, झुडपांत बाटल्या, पायवाटेवरून भरधाव मोटारसायकली. जिल्ह्यात दारू बंद होती तेव्हाही ते पीत होते, सुरू झाली तेव्हाही पीत होते. दिवे त्यांनीच दगड मारून फोडले. पोरी कॉलेजातून येताना पाळीच्या त्या टोकाला थांबायच्या, आणखी दोघीतिघी आल्या की ओढण्या सावरून, माना खाली घालून झपझप यायच्या. माझ्या खिडकीपाशी आल्या की त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू यायचा. आपल्याच गावातल्या, आपल्याच वाटेवर!

तक्रार केली की पोलिसांची जीप यायची. मोठ्या रस्त्यावर थांबायची, हॉर्न वाजवायची. हॉर्न ऐकून पोट्टे झुडपांत शिरायचे. जीप गेली की बाहेर यायचे. मग कोणीतरी पोरींच्या आयांना सांगायचं, ‘जरा लवकर घरी येत जा म्हणा पोरींले.’

अशात एक दिवस पाळीवरून एक बुटकी, दणकट पोलीस बाई चालत आली. कपाळावर हिरवं गोंदण, केस करकचून बांधलेले, हात मागे. काठी नाही, शिट्टी नाही. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गोंड गावातल्या त्या. आमच्या ठाण्यात नवीन बदलून आल्या होत्या. माझ्या ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं. मी विचारलं, “जीप कुठी आहे, बाई?”

“जीपमधून रस्ता दिसते, ताई. मानूस नाई दिसत,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात एक मोटारसायकल आली. वर तिघं. पुढून आमच्या यमुनाबाई डोक्यावर कोंड्याचं पोतं, आमच्याकडची चुंगडी, घेऊन येत होत्या. मिलमध्ये कामाला जाणारी वयस्क बाई. त्या घाबरून पाण्याच्या कडेला सरकल्या. कुमरे बाई उठल्या आणि वाटेच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. गाडी त्यांच्या गुडघ्यापाशी करकचून थांबली.

“हे काय आहे?” त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं.

“रस्ता,” पुढचा म्हणाला.

“पायवाट आहे. पायानं चालाची. उतर.”

तिघं उतरले. बाईंनी किल्ली काढून घेतली आणि सांगितलं, ज्या टोकाकडून आलात तिथपर्यंत गाडी ढकलत परत न्या, किल्ली तिथं मिळेल. पोट्टे हसत ढकलू लागले. अर्ध्या वाटेत हसू गेलं. बाई मागून चालत होत्या, हात मागेच. मध्ये फुटलेल्या काचा होत्या. एक म्हणाला, “बाई, टायर फाटते ना.”

“टायर फाटते त्याचं दुःख आहे तुले? याच्यावरून लेकरं शाळेत जातात. त्याहीचे पाय का लोखंडाचे हायेत?”

त्या दिवशी काचा त्या तिघांनी वेचल्या. यमुनाबाईंनी चुंगडी खाली ठेवली आणि ते दृश्य पोटभर बघून घेतलं.

बाईंची एक रीत होती. कोणाला पकडलं की पहिला प्रश्न, “कोन्या घरचा?” आणि मग त्याच्या घरी चालत जायचं. दारात आई आली की म्हणायच्या, “तुम्ही सैपाक करा, बाई. याच्या बापाले पाठवा.” त्यांचं म्हणणं, पोरगं बिघडलं की सगळं गाव आईला बोलतं. बाप तेवढ्यापुरता गावाला गेलेला असतो. एकदा एका पोट्ट्याला त्यांनी असंच विचारलं, “बाप कुठी आहे तुझा?” पोट्ट्यानं झुडपाकडे बोट केलं. बाप तिथंच बाटली घेऊन बसला होता. बाईंनी दोघांना शेजारी शेजारी उभं केलं आणि म्हणाल्या, “चाला दोघंही. घरी माय एकच आहे. तिले दोनदा काऊन त्रास द्याचा?”

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांना अशा गोष्टींचं हसू येत नसे. चिडल्या की त्यांचा आवाज चढण्याऐवजी खाली जायचा, आणि फारच चिडल्या तर त्या गोंडीत बोलायच्या. आम्हाला शब्द कळायचे नाहीत, पण ज्याला बोलायच्या त्याला बरोबर कळायचे.

मात्र पोरींना त्यांनी कधी काही शिकवलं नाही. ओढणी नीट घे, एकटी येऊ नको, मोबाइलवर बोलू नको, असलं एक अक्षर नाही. आमच्या शेजारच्या काकांनी त्यांना सुचवलं होतं, “पोरींलेही जरा समजावून सांगा, जमादारीन बाई.” बाईंनी विचारलं, “त्या काय करून राह्यल्या?” काका म्हणाले, “तसं काही नाही. जाऊन येऊन राह्यल्या.” “मंग समजावाचं काय?”

प्रणालीचं प्रकरण यानंतरचं. प्रणाली रामदासभाऊंची मुलगी. रामदासभाऊ गवंडीकाम करायचे. पोरगी नर्सिंगला जायची, घरात कॉलेज पाहिलेली पहिलीच. एका पोट्ट्यानं पाळीवर तिचा पाठलाग करत मोबाइलवर व्हिडिओ काढला, त्याला घाणेरडं गाणं जोडलं आणि सगळीकडे पाठवला. त्यात प्रणाली काहीच करत नव्हती. चालत होती, मग भरभर चालत होती, मग पळत होती. बस. पण गावानं तो व्हिडिओ चवीनं पाहिला, आणि पाहणाऱ्यांनीच रामदासभाऊंना येऊन सांगितलं, ‘पोरीवर लक्ष ठेव.’ रामदासभाऊंनी तिचं कॉलेज बंद केलं. पोरगी घराबाहेर दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी कुमरे बाई मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही चाला माह्यासंगं. वर्दी पाहून घाबरतीन.” म्हणून साधं लुगडं नेसून आल्या होत्या. रामदासभाऊंच्या घरी खाली बसल्या. रामदासभाऊ भिंतीकडे बघत म्हणाले, “काय करू, बाई? लाज गेली आमची.”

“कोनाची गेली?” बाईंचा आवाज खाली गेला. “ज्यानं काढली त्याची गेली, भाऊ. जिची काढली तिची नाई जात. तुमच्या घरी चोरी झाली असती त तुम्ही लपून बसले असते का?”

“लोकं बोलतेत.”

“लोकांहीनं पाह्यला ना तो व्हिडिओ? मंग लोकांहीनं मान खाली घालाची. तुम्ही काऊन घालून राह्यले?”

आतल्या खोलीतून प्रणाली बाहेर आली. डोळे सुजलेले. ती बापाकडे न बघता बाईंना म्हणाली, “मी सांगतो कोन होता तो. मले माहीत आहे.”

तो नगरसेवकाचा पुतण्या होता.

तिथून पुढं जे झालं ते आठवलं की आजही मशीनवरचा माझा पाय थांबतो. नगरसेवकाची माणसं रामदासभाऊंच्या दारात, मिलच्या मालकाचे निरोप, नातेवाइकांचे फोन. आपसात मिटवा, पोराचं वय आहे, मजाक केली त्यानं. ठाण्यात काय झालं ते प्रणालीनं मला सांगितलं, ती तिथं बसली होती. ठाणेदार साहेब बाईंना म्हणाले, “समजुतीनं घ्या. पोराचं करिअर बरबाद होईल.”

“आन हिचं, साहेब?” बाईंनी विचारलं. “हिचं कॉलेज त बंदच झालं आहे.”

प्रणाली खुर्चीवरून उठली नाही. साहेबांना शेवटी गुन्हा नोंदवावा लागला. पोट्ट्याला अटक झाली, लगेच जामीनही झाला. पण प्रणाली पुन्हा कॉलेजला जाऊ लागली. पाळीवरून, भर वाटेनं. सुरुवातीचे काही दिवस बाई तिच्या मागं थोडं अंतर ठेवून चालायच्या. शेजारी कधी नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “शेजारी चाललो त लोकं म्हनतीन, पोलीस घेऊन जाऊन राह्यले तिले.”

आणि मग समाजमंदिरात वार्डाची सभा झाली. बोलावली होती नगरसेवकानं. पुतण्याचं नाव त्यानं घेतलं नाही. म्हणाला, झाल्या प्रकारानं मन व्यथित झालं आहे, आपल्या मुलींच्या सुरक्षेसाठी ही वाटच आपण बंद करू. दोन्ही टोकांना भिंत. वाट नाही तर टवाळ नाहीत. टाळ्या! मास्तर लोकांनी टाळ्या वाजवल्या, बँकेतल्या साहेबांनी वाजवल्या. बाया मागं बसल्या होत्या, त्यांना कोणी विचारलं नाही.

बंदोबस्ताला म्हणून दाराशी उभ्या असलेल्या कुमरे बाई म्हणाल्या, “मी बोलू का?”

नगरसेवक म्हणाला, “तुम्ही ड्युटीवर आहात.”

“ड्युटीचंच बोलतो.” त्या पुढे आल्या. “मी जंगलातली आहो. आमच्या गावच्या शाळेच्या वाटेवर वाघ राहे. खरा वाघ, जी. माह्यासंगं शिकणाऱ्या एका पोट्टीच्या बापाले त्यानं नेलं. तरी आमच्या गावानं वाट बंद नाई केली. मोठे मानसं पुढं, मोठे मानसं मागं, मंधात लेकरं, डबे वाजवत जाओ आम्ही. वाघ त पोटासाठी येते. इथी चार टवाळ हायेत, त्याहीचे नाव तुमाले माहीत, बाप तुमाले माहीत, घर तुमाले माहीत. त्याहीले नाई अडवाचं आन वाट अडवाची? चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राह्यले तुम्ही.”

मला वाटलं, आता तरी कोणीतरी उठेल. एक जण उठला. तो म्हणाला, “चहा आला आहे.”

भिंत झाली. पुरुषभर उंच, दोन्ही टोकांना. पुतण्या मोटारसायकलवरून बाजारात फिरत होता आणि शाळेची लेकरं मोठ्या रस्त्याच्या कडेनं जीव मुठीत धरून चालत होती. लेकराला रस्त्याच्या आतल्या बाजूला घेऊन, स्वतः टिप्परच्या बाजूला चालणाऱ्या आया मी पाहिल्या. टवाळांचं काय झालं? त्यांना भिंतींच्या आत कोणी बघणारच उरलं नाही. ते उडी मारून जायचे आणि निवांत प्यायचे. त्यांच्यासाठी सरकारी खर्चानं खोली बांधून झाली होती.

मग एका सकाळी मिलला जाताना यमुनाबाईंना टिप्परचा आरसा लागला. त्या नालीत फेकल्या गेल्या. हात मोडला. टिप्पर थांबला नाही.

प्लास्टर घालून त्या घरी आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मिलवाल्या बाया कामावर गेल्या नाहीत. लोखंडी सब्बल, फावडी, घमेली घेऊन आमच्या बाजूच्या भिंतीपाशी आल्या. मीही दुकान बंद करून गेले. कोणी घोषणा दिल्या नाहीत, भाषण केलं नाही. रामदासभाऊ आले, त्यांनी भिंत ठोकून पाहिली आणि गवंड्याच्या सवयीनं बायांना दाखवलं, पहिली सब्बल कुठं घालायची. प्रणालीनं ती घातली.

अर्धीअधिक भिंत खाली आली तेव्हा नगरसेवकाची गाडी आली आणि पाठोपाठ पोलीस. पुढे कुमरे बाई, दोन शिपायांना घेऊन. त्यांना हुकूमच तसा होता. आम्ही सगळ्या थबकलो. ज्या बाईसाठी आमच्या मनात एवढं, तिनंच आता आम्हाला धरून न्यायचं!

“सरकारी भिंत पाडून राह्यल्या ह्या!” नगरसेवक ओरडला. “उचला सगळ्याहीले!”

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. आवाज खाली. “कोनं पाडली?”

यमुनाबाई पुढं झाल्या, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात घेऊन. “मी पाडली.”

“एकटीनं?”

“हाव. एकटीनं.”

“या एका हातानं?”

“हाव जी. एका हातानं.”

बाईंनी भिंतीकडे पाहिलं, यमुनाबाईंकडे पाहिलं, आणि सावकाश नगरसेवकाकडे वळल्या. “साहेब, म्हातारी म्हनते, एका हातानं पडली. इतकी कच्ची भिंत सरकारी पैशात बांधली कोनं? याची त पह्यले चौकशी करा लागते. ठेकेदार कोन होता?”

ठेकेदार नगरसेवकाचा साळा होता. सगळ्या गावाला माहीत होतं. एक शिपाई तोंड फिरवून खोकू लागला. आणि मागून कोणीतरी बाई अशी खळाळून हसली की आम्ही सगळ्याच हसत सुटलो. नगरसेवक गाडीत बसून निघून गेला. बाई तिथंच उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या, मोठ्या रस्त्याकडे तोंड करून. आम्ही उरलेली भिंत पाडली, विटा बाजूला रचल्या. दुसऱ्या टोकाची संध्याकाळपर्यंत गेली.

चौकशी ठेकेदाराची झाली नाही. बाईंची झाली. ‘कर्तव्यात कसूर.’ महिनाही गेला नाही तर त्यांची बदली सिरोंच्याकडच्या एका दूरच्या ठाण्यात झाली, जिथं लोक तेलुगू बोलतात. निरोप द्यायला आम्ही ठाण्यात जाणार होतो, पण त्या आदल्या दिवशीच गेल्या होत्या. ज्या गावानं भिंतीला टाळ्या दिल्या त्याच गावातले लोक आज पाळीवरून फिरायला जातात आणि म्हणतात, वाट खुली झाली ते बरं झालं. बाईंचं नाव कोणी काढत नाही. मला याचा राग येतो आणि तो येत राहावा असंच वाटतं.

खटला रखडत रखडत उभा राहिला. साक्षीला बाई आल्या. रात्रभर बसमध्ये बसून आल्या होत्या, केसांत पांढरं बरंच वाढलं होतं, पण वर्दी कडक. रामदासभाऊ, प्रणाली आणि मी कोर्टात मागं बसलो होतो. पोट्ट्याच्या वकिलानं बाईंना विचारलं, “घटनेच्या वेळी ही मुलगी तिथं नेमकी काय करत होती?”

“चालत होती.”

“चालत होती म्हणजे?”

“पायवाट आहे, साहेब. तिथी लोकं चालतात.”

वकिलानं प्रश्न फिरवून फिरवून विचारला. बाईंनी तेच उत्तर दिलं, तितक्याच शांतपणे. न्यायाधीशांनी वकिलांना पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं. पोट्ट्याला शिक्षा झाली. त्यानं अपील केलं, जामिनावर सुटला, आणि आता सणासुदीच्या बॅनरवर काकाच्या शेजारी हात जोडून उभा असतो. खाली लिहिलेलं असतं, युवा नेतृत्व. त्या बॅनरखालून प्रणाली रोज ड्युटीवर जाते, जिल्ह्याच्या दवाखान्यात ती नर्स आहे. ती वर बघत नाही. तिला गरज नाही.

साक्षीच्या दिवशी दुपारी आम्ही बाईंना बसस्टँडवर सोडायला गेलो. प्रणालीनं त्यांच्यासाठी डबा आणला होता. बाईंनी तो हातात घेतला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवसानंतर त्या कधी दिसल्या नाहीत. निवृत्त होऊन गावी गेल्या एवढंच कळलं.

त्या दुपारी बस लागली. बाई चढल्या. आम्ही खिडकीखाली उभे होतो. एवढ्यात पुढच्या सीटवरच्या एका इस्त्रीच्या शर्टवाल्या माणसानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि खर्र्याची लांब पिचकारी मारली. खाली उभ्या असलेल्या एका बाईच्या लुगड्यावर ती उडाली. त्यानं पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

काचेआड आम्हाला कुमरे बाई जागेवरून उठताना दिसल्या. त्याच्या सीटपाशी गेल्या, जरा वाकल्या. आवाज आमच्यापर्यंत आला नाही, म्हणजे तो खाली गेला असणार. त्या माणसाची मान हळूहळू खाली गेली. कंडक्टरनं घंटीची दोरी हातात धरली होती. त्यानं बाईंकडे पाहिलं, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत दोरी ओढली नाही. तो माणूस खाली उतरला, लुगड्यावाल्या बाईसमोर हात जोडून उभा राहिला, खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिनं रुमाल घेतला नाही. तशीच त्याच्याकडे बघत राहिली, त्याला बघवेनासं होईपर्यंत.

मग तो मान खाली घालून वर चढला, घंटी वाजली आणि बस निघाली.